क्रेफिश पाळा, पण त्यांची पैदास कशाला?

चिखलपाय
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला कोणाला ताटकळावं लागणार नाही. हौस म्हणून एखादा क्रेफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा नांगीवाला प्राणी) पाळायला माझी हरकत नाही. घरात पैदास करून पिल्लं विकणं-वाटणं मात्र थांबायला हवं. आणि मार्बल्ड क्रेफिश तर घरात आणूच नये.

भारतात क्रेफिशची एकही मूळ जात नाही. आपल्या ओढ्यानाल्यांत खेकडे आहेत, कोळंबी आहे. क्रेफिश येतात ते बहुतेक अमेरिकेतले, नाहीतर ऑस्ट्रेलियातले. त्यात मार्बल्डची तऱ्हाच वेगळी. १९९०च्या दशकाच्या मध्यात तो जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत पहिल्यांदा दिसला. सगळ्या माद्या, नर नाहीच. मादी नराशिवाय अंडी घालते, हे शास्त्रज्ञांनी २००३मध्ये दाखवून दिलं. पिल्लं थेट आईची नक्कल. २०१८मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा कळलं की सगळा गोतावळा एकाच मादीपासून आलाय. एका खेपेला काहीशे अंडी. मादागास्करमध्ये २००७ ते २०१७ या दहा वर्षांत त्याचा पसारा शंभरपट झाला. तिथे भातखाचरं आहेत. कोकणात काय आहे?

पैदास करणाऱ्यांना एकच प्रश्न: एवढी पिल्लं जातात कुठे?

निळी_नांगी
आला, दर पावसाळ्याला येणारा धागा आला!

उजनी धरणात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, कोणी सोडली हो? माझ्यासारख्या बाईने दोन फुटी टाकीतून? मोझांबिकची तिलापिया १९५२मध्ये देशात आणली गेली ती मत्स्यशेतीसाठी. वनामी कोळंबीला २००९मध्ये रीतसर परवानगी मिळाली, तीही परदेशीच. तेव्हा कुणाला मूळ जाती आठवल्या नाहीत. आता बोट कोणाकडे, तर हौशी माणसाकडे.

आणि पैदास म्हणजे नुसता धंदा नव्हे. मादी शेपटी पोटाशी दुमडून अंडी सांभाळते, पोटाखालच्या वल्ह्यांनी त्यांना सतत वारा घालते. पिल्लं बाहेर आली तरी लगेच सोडत नाहीत, तिलाच चिकटून राहतात. कात टाकायच्या आधी क्रेफिश कवचातलं कॅल्शियम शोषून पोटात दोन पांढऱ्या गोट्या करून ठेवतो आणि नंतर तेच वापरून नवं कवच कडक करतो. टाकलेली कात काढून फेकू नका, तो ती खातो. हे माझ्या मुलीने सातवीच्या पुस्तकात वाचलं नाही, टाकीत पाहिलं.

चिखलपाय
चिलापीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, ताई. एकदा सुटली ती सुटली. सरकारने चूक केली म्हणून आपल्यालाही करायचा परवाना मिळतो का?

पिल्लांचं उत्तर राहिलंच.

निळी_नांगी
देते की. लपायला जागा कमी असली की ती एकमेकांना खातात, मोजकीच उरतात. बाकीची शेजाऱ्यांच्या टाकीतल्या ऑस्कर माशाला. ऐकायला बरं नाही वाटत, पण नदीत एकही गेलेलं नाही.

मुठेखाऊ
पहिल्या पावसात मुठे (शेतातले खेकडे) पकडून रस्सा करणारा माणूस आहे मी. वाद कशाला? कढईत टाका. (टाकीत औषधं घालत असाल तर नको.)

बर्लिनकर
कढईचा उपाय इथे करून झालाय. २०१७मध्ये टियरगार्टन या मोठ्या बागेत अमेरिकन लाल क्रेफिश भर रस्त्यावर फिरायला लागले. बहुधा कोणीतरी तळ्यात सोडलेले. २०१८पासून एका मच्छीमाराला पकडायचा परवाना दिला, हॉटेलांत ताटात आले. खाऊन संपले मात्र नाहीत. मार्बल्ड आणि हा लाल, दोन्ही २०१६पासून युरोपीय संघाच्या यादीत आहेत. पाळणं, विकणं, पैदास, सगळं बंद. अमेरिकन जातींबरोबर जो बुरशीसारखा रोग आला त्याने इथले मूळ क्रेफिश एकोणिसाव्या शतकापासून मरतायत. चिखलपाय यांना पाठिंबा.

तळं_राखी
बर्लिनकर, सरसकट बंदीची दुसरी बाजूही बघा. बंदी आली की घाबरलेला माणूस बादली घेऊन थेट नदीवर जातो. जपानने हे ओळखलं. तिथे अमेरिकन क्रेफिश १९२७मध्ये बेडकांच्या शेतीसाठी खाद्य म्हणून आणला होता, तो देशभर पसरला. पोरं ओढ्यातून पकडून घरी पाळतात. म्हणून १ जून २०२३पासूनच्या नियमात पाळायला मुभा ठेवली, विकायला आणि सोडायला बंदी. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. 'घरात आणूच नये' म्हणून ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांचं काय करणार?

चिखलपाय
हा मुद्दा खरा आहे. ज्यांच्याकडे मार्बल्ड आहे त्यांनी मरेपर्यंत सांभाळावा, अंडी आली की काढून गोठवावी. नवा आणू नये, कोणाला देऊ नये. म्हणजे माझं म्हणणं जपानच्या जवळच जातं. 'आणूच नये' हे विकत घेण्याबद्दल होतं.

आळशी_गप्पी
मध्येच घुसतोय, माफी. दुकानदाराने 'ब्लू लॉबस्टर' म्हणून एक दिला. टाकीत एकटाच आहे आणि आज पोटाखाली अंडी दिसतायत. म्हणजे मार्बल्ड का?

बर्लिनकर
नक्की सांगता येत नाही. अमेरिकन माद्या नराचं बीज काही महिने पोटाखालच्या खाचेत साठवून ठेवतात, त्यामुळे दुकानातून येतानाच भरलेली असू शकते. अगदी बारकं पिल्लू आणून एकटं वाढवलं असेल आणि तरी अंडी आली, तर मात्र मार्बल्डच समजा. अंगावर संगमरवरासारखे डाग आहेत का? मार्बल्ड सहसा तपकिरी किंवा हिरवट असतो, निळा क्वचित.

निळी_नांगी
तुमचा बहुधा फ्लोरिडाचा निळा असेल. मोठा आणला होता का? आणि झाकण घट्ट ठेवा, हवेच्या नळीवर चढून ते बाहेर येतात. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या औषधात तांबं असेल तर ते या टाकीत चुकूनही नको. कात टाकताना मरत असतील तर पाणी मऊ, म्हणजे कॅल्शियम कमी असलेलं, असेल, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेसाचा तुकडा टाका.

बाकी चिखलपाय, मार्बल्ड नको हे मान्य. पण मेक्सिकोच्या पात्स्कुआरो तळ्यातला नारिंगी बुटका क्रेफिश मी वाढवणारच. चार-पाच सेंटिमीटरचा जीव, झाडं फारशी तोडत नाही. विकताना समोरच्याकडे टाकी आहे ना, हे विचारूनच देते.

चिखलपाय
विचारणाऱ्या तुम्ही आहात. तुमच्याकडून घेऊन पुढे देणारा विचारेल का? तरी बुटक्यासाठी तुमच्याशी भांडणार नाही, माझं भांडण मोठ्या जातींशी आहे.

आळशी_गप्पी
मोठाच आणला होता, आणि डाग नाहीत. म्हणजे निळाच असणार. अंडी चिमट्याने काढून गोठवायची ठरवलीत. डबीवर काय लिहू, आई फ्रीझरमधली कोळंबी समजून आमटीत घालेल.

मुठेखाऊ
काही लिहू नका, आम्हाला कळवा.