४५ टक्क्यांवरून चार वर्षांचं भाकीत नको

'गॅलप या अमेरिकी जनमत चाचणी संस्थेच्या पहिल्याच पाहणीत ट्रम्प यांना फक्त ४५ टक्के पसंती, म्हणजे २०२० च्या निवडणुकीत घरी जाणार' असं म्हटलं गेलं, ते मला पटत नाही. आकडा खरा आहे. जानेवारी २०१७ मध्ये ४५ पसंत, ४५ नापसंत, आणि नव्या राष्ट्राध्यक्षाची इतकी कमी सुरुवात गॅलपने आधी नोंदवली नव्हती. (ओबामांना २००९ मध्ये ६८ होते.) पण क्लिंटन बघा. ५८ वर सुरुवात, जून १९९३ मध्ये थेट ३७, आणि तरी १९९६ ला आरामात निवडून आले. उलट थोरले बुश १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ वर होते आणि पुढच्याच वर्षी हरले.

दुसरं म्हणजे, या पाहणीत विचारलं काय ते नीट वाचा. 'हा माणूस आवडतो का' असा तो प्रश्नच नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणून तो जे काम करतोय ते पसंत आहे का, एवढंच विचारलं होतं. इथे अमेरिकेत माझ्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतात. ट्रम्प यांचं ट्विट टीव्हीवर वाचून दाखवायला लागले की ते रिमोट उचलून आवाज बंद करतात, नातवंडांसमोर असली भाषा नको म्हणून. पण काम कसं वाटतं विचारलं की क्षणभरही न थांबता 'उत्तम'. कारखाने परत येतील ही त्यांची आशा अगदी खरी आहे, आणि ती मोडेपर्यंत त्यांचं उत्तर बदलेल असं मला वाटत नाही.