डोळ्यासमोर येणाऱ्या दृश्याला मार्क कसे द्यायचे?

घाटवाट: मागच्या पावसाळ्यात बाईकचा अपघात झाला, हाड जुळलं पण तो ट्रकचा उजेड अजून डोळ्यासमोर येतो, भाजी चिरताना पण. काउन्सेलर मॅडमनी एक कागद दिलाय, दृश्य आलं की टिक करायची आणि किती स्पष्ट दिसलं, किती त्रास झाला त्याला ० ते १०० आकडा द्यायचा. मला कळतच नाहीये की डोक्यातलं चित्र असं मोजतात का, आज ६० लिहिलं तर काल ७० का लिहिलं हे मलाच सांगता येत नाही. कुणी केलंय का हे?

चाफा_०७: मी क्लिनिकल सायकॉलॉजी शिकतेय. दादा, हे मोजतात आणि मोजायलाच हवं, कारण आपल्याकडे नुसतं "विचार येतात का" असं विचारलं की माणूस नाही म्हणतो, आणि "डोळ्यासमोर काही येतं का" विचारलं की रडायला लागतो, हे मी स्वतः पाहिलंय. १९७९ ची आघाताच्या परिणामांची एक जुनी प्रश्नावली आहे, १५ प्रश्नांची, मागच्या ७ दिवसांबद्दल विचारते, पण त्यात चित्रं मनात येतात का असा थेट प्रश्न एकच. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांची १९७३ ची १६ प्रश्नांची चाचणी, तीत उगवता सूर्य, ओळखीचा माणूस असलं डोळ्यासमोर आणून किती स्पष्ट दिसतं ते सांगायचं. म्हणजे कल्पनाशक्ती कळते, नको असताना घुसणाऱ्या दृश्याचा त्रास नाही कळत. म्हणून ही डायरी, म्हणजे तुमचा तो टिकांचा कागद. ६० की ७० यात अडकू नका, आकडा तुमचा तुमच्याशीच ताडायचाय, दुसऱ्या कुणाशी नाही.

मीरा_कोल्हापूर: मला बाळंतपणानंतर हा त्रास होता. एक सांगते, रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहू नका, सगळं एकच होऊन जातं आणि झोप उडते ती वेगळीच. आलं की लगेच टिक आणि आकडा, बास, दृश्याचं वर्णन लिहीत बसायचं नाही. माझ्या टिका कमी व्हायच्या आधी त्रासाचा आकडा उतरला होता, दृश्य तेवढंच स्पष्ट पण काळजात धस्स व्हायचं थांबलं. एकच आकडा ठेवला असता तर हे कळलंच नसतं.

चाफा_०७: अगदी बरोबर मीराताई. आणि घाटवाट, अजून दोन गोष्टी बघा, ते आत्ता घडतंय असं वाटतं की होऊन गेलेलं, आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघता की बाहेरून स्वतःला बघता. सोशल अँग्झायटीत, म्हणजे चारचौघांत वावरायची फार भीती वाटते त्यात, माणसं बरेचदा स्वतःला बाहेरून बघतात, दुसऱ्याच्या नजरेतून. आणि झोप, काम फारच बिघडलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता मॅडमना फोन करा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

घाटवाट: तुमचं वाचून आज नीट पाहिलं. उजेड मला समोरून दिसतो, पण पडलेली बाईक आणि मी, हे मी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघतोय असं दिसतं. म्हणजे दृश्यं दोन आहेत आणि मी दोन्हींची एकच टिक करत होतो. आकडा जास्त दुसऱ्या दृश्याचा येतोय. कागदावर त्याला जागा नाहीये, पेननी एक रकाना आखलाय, गुरुवारी मॅडमना दाखवतो.