बर्लिनमध्ये एकटीने: तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणींनो, माझी भाची येत्या उन्हाळ्यात बर्लिनला चालली आहे. एकटीच. तिच्या आईने मला विचारलं, "सुरक्षित आहे का गं ते?" मी कामानिमित्त तिथे राहून आले आहे, पण एकीच्या अनुभवावरून शहराबद्दल मत बनवू नये असं मला वाटतं. म्हणून हा धागा काढते आहे. नुसतं "जर्मनी सेफ आहे" किंवा "रात्री जपून" असं लिहू नका. कुठलं स्टेशन, किती वाजता, तुम्ही काय केलंत, आजूबाजूच्या लोकांनी काय केलं, हे सगळं येऊ दे.

सुरुवात मीच करते. बर्लिनमध्ये तुमच्याकडे कुणी बघत नाही. बाकावर तासभर एकटी बसलीस, एकटीने जेवलीस, रात्री दहाला एकटी चालत निघालीस, कुणाची मान वळत नाही. आपल्यासारख्या, कायम नजरा चुकवत वाढलेल्या बायकांना हे फार मोठं सुख आहे. पण हीच माणसं आपण अडचणीत असलो तरी आपणहून पुढे येतील याची खात्री नाही. मागितली की मदत करतात, आणि मनापासून करतात. त्यामुळे भाचीला मी एवढंच घोकवून घेते आहे की संकोच न करता, मोठ्याने आणि स्पष्ट मागायचं.

*डोंबिवली, बँकेतून निवृत्त*

लेक हॅनोव्हरला असते. तिला रजा नव्हती, म्हणून मी आयसीईने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, एकटीच बर्लिनला गेले. अंतर पावणेदोन तासांच्या आसपास. मुख्य स्टेशन, हाउप्टबानहोफ, २००६ साली सुरू झालं. काचेचं आहे आणि अनेक मजल्यांचं आहे: पूर्व-पश्चिम गाड्या सगळ्यात वर, उत्तर-दक्षिण गाड्या जमिनीखाली, मधल्या मजल्यांवर दुकानं. परतीची गाडी वर आहे की खाली, हे आधीच बघून ठेवा. ऐनवेळी फलाट बदलतात आणि सूचना कधीकधी फक्त जर्मनमध्ये होते. मी शेजारच्या बाईंना तिकीट दाखवलं आणि खूण करून विचारलं. त्या माझ्याबरोबर सरकत्या जिन्याने दोन मजले खाली आल्या, मला फलाटावर उभं केलं आणि मगच गेल्या.

मी शाकाहारी. फलाफल, म्हणजे छोल्यांचे तळलेले वडे, सगळीकडे मिळतं, पोट भरतं. 'गेम्यूझे केबाब' नावाने जे विकतात त्यात भाज्या असतात खऱ्या, पण बहुतेक ठिकाणी कोंबडीही असते, तेव्हा विचारून घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मायबाखउफरला, कालव्याच्या काठाने, तुर्की बाजार भरतो. ऑलिव्ह, चीज, भरलेल्या रोट्या, ताजी फळं. मी कालव्याकाठी बसून निवांत खाल्लं. माझ्या वयाच्या बाईला इतकं मोकळं बसायला आपल्याकडे मिळत नाही हो. तुझ्या भाचीला सांग, जा म्हणावं.

*पुणे, आयटी*

काकूंनी दिवसाचं लिहिलं, मी रात्रीचं लिहिते. प्रोजेक्टवर होते आणि घरी यायला बऱ्याचदा उशीर व्हायचा.

शुक्रवार-शनिवारच्या रात्री ऊ-बान (मेट्रो) आणि एस-बान (लोकल) रात्रभर चालतात. इतर दिवशी मध्यरात्रीनंतर काही तास बंद असतात आणि त्यांच्या जागी रात्रीच्या बसेस असतात, क्रमांकाआधी 'एन' असलेल्या. मला बस जास्त आवडायची, कारण ड्रायव्हर समोर असतो. रात्री आठनंतर बसमध्ये दोन थांब्यांच्या मधेही उतरवायला सांगता येतं. आधी ड्रायव्हरला विचारायचं, जागा बरी असेल तर तो थांबवतो. माझ्या गल्लीच्या तोंडाशी मी अशीच उतरायचे.

गाडीत सगळ्यात मोकळा डबा शोधायची सवय आपल्याला असते. रात्री तसं करू नका. जिथे चार माणसं बसली आहेत तिथे बसा. फलाटांवर आणीबाणीचे खांब असतात, बटण दाबलं की माणूस बोलतो. कॉटबुसर टोर आणि गोर्लिट्झर पार्क इथे ड्रग्ज विकणारे उभे असतात. मला कुणी हात लावला नाही, "हॅलो, हॅलो" करत मागे मात्र आले. मान हलवून चालत राहायचं, थांबायचं नाही. रात्री पार्कमधून शॉर्टकट घेऊ नये, हे मी ठामपणे सांगेन. खिसेकापूंपासून जपायचं ते आलेक्झांडरप्लाट्झ आणि वार्शाउअर श्ट्रासं या स्टेशनांवर.

'हाइमवेगटेलेफोन' नावाची सेवा आहे. रात्री चालत घरी जाताना फोन करायचा, पलीकडचा स्वयंसेवक घरी पोहोचेपर्यंत बोलत राहतो. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११२. बायकांवरच्या अत्याचारासाठी ११६ ०१६, चोवीस तास, मोफत, आणि जर्मनशिवाय इतर भाषांतही बोलता येतं. हे तिन्ही कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, फोनची बॅटरी थंडीत झटकन उतरते.

*मुंबई, जर्मन शिकवते*

मी डिसेंबरमध्ये गेले होते. चारच्या आतच सूर्य मावळतो. "अंधार पडायच्या आत घरी" हा आपला नियम तिथे लावला तर दुपारच्या चहालाच परतावं लागेल! साडेपाचला मिट्ट काळोखात शाळेतली पोरं एकटी घरी जाताना दिसली आणि माझी भीती गेली. तिथे काळोखाला नाही, निर्मनुष्यतेला जपायचं. जूनमध्ये उलट, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि त्याच उजेडात एखादा औद्योगिक भाग पूर्ण ओसाड असू शकतो.

तिकिटाचंही सांगते. स्टेशनात शिरताना अडवणारं फाटक नसतं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर ते धरत नाहीत, आणि दंड ६० युरो. विमानतळासाठी एबीसी झोनचं, म्हणजे शहराबाहेरचा पट्टाही धरणारं, तिकीट लागतं. तपासनीस साध्या कपड्यांतही असतात. दोन धिप्पाड पुरुष अचानक समोर येऊन तिकीट मागतात तेव्हा दचकायला होतं. ओळखपत्र दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. मी म्हटलं, त्यांनी दाखवलं.

*बर्लिन, सध्या विद्यार्थिनी*

मी फ्राय युनिव्हर्सिटीत शिकते, बर्लिनच्या दालेम भागात. इथे आले तेव्हा पहिला महिना फार एकटा गेला. मग कळलं की इरावती कर्वे याच भागात होत्या. १९२० च्या दशकाच्या शेवटी कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांनी डॉक्टरेटचं काम केलं. ती इमारत ईनेश्ट्रासं २२ इथे अजून उभी आहे, आता आमच्या विद्यापीठाकडे आहे. ऊ-३ ने 'फ्राय युनिव्हर्सिटेट' स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं.

त्यांचे मार्गदर्शक होते संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशाशी जोडता येतो का, हा इरावतीबाईंचा विषय. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असंच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हातात आपली पदवी आहे त्यांच्या मताविरुद्ध! विशीतली मराठी बाई, घरापासून महिनाभराच्या पत्राच्या अंतरावर. पुढे नाझी काळात याच संस्थेला आउशवित्झच्या छळछावणीतून मृतांचे अवयव पाठवले गेले. दारापाशी १९८८ पासून त्याची पाटी आहे. तिथे उभं राहिलं की त्यांनी कागदावर काय नाकारलं होतं त्याचं वजन कळतं.

पर्यटक इथवर येत नाहीत. तुमची भाची बर्लिनला येते आहे तर तिला नक्की पाठवा, मी दाखवीन.

*कोल्हापूर, आता श्टुटगार्ट*

वाईटही लिहायला हवं. बर्लिनमध्ये ट्राममध्ये एक प्यालेला माणूस माझ्यावर ओरडायला लागला, "तुमच्या देशात जा" वगैरे. डबा भरलेला होता आणि सगळे फोनमध्ये बघत होते. त्या क्षणी मला इतकं असहाय वाटलं की आजही लिहिताना हात जड होतो. मग मी समोरच्या हिरव्या कोटातल्या बाईंकडे थेट बघून म्हणाले, "तुम्ही, मला मदत करा." त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. लगेच एक मुलगा मधे उभा राहिला, तिसऱ्याने ड्रायव्हरला सांगितलं. पुढच्या थांब्यावर त्या माणसाला उतरवलं.

म्हणून सगळ्या डब्याला उद्देशून ओरडू नका. एक माणूस निवडा आणि त्यालाच सांगा. संकटात सापडलेल्याला शक्य असून मदत न करणं हा जर्मनीत कायद्याने गुन्हा आहे, तरीही पहिला हाक मारणारा आवाज आपलाच लागतो.

*नाशिक*

हॉस्टेलमध्ये राहणार असेल तर बुकिंग करताना 'फक्त महिला' खोली निवडायची, नाहीतर मिश्र मिळते. सौना सहसा मिश्र आणि विनावस्त्र असतात, काही ठिकाणी बायकांचे वेगळे दिवस असतात. तळ्यांवरही लोक कपड्यांविना पोहतात. मला आधी लाज वाटली, पण तिथे कुणीच कुणाकडे टक लावून बघत नव्हतं, आणि मी माझ्या पूर्ण पोहण्याच्या पोशाखात श्लाख्टनझे तळ्यात मनसोक्त पोहले.

*डोंबिवली, बँकेतून निवृत्त*

कोल्हापूरच्या ताई, वाचून गलबललं. मोठ्याने मागायचं हे मी या वयात शिकते आहे. भाचीला तुम्ही सगळ्या आधीच शिकवताय हे फार बरं करताय.

*धागा काढणारी*

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. तिने दालेमचा बेत पक्का केला आहे. लिहायचं असेल त्यांनी लिहीत राहा, दुसऱ्या जर्मन शहरांचंही चालेल.

एकीने निरोपात विचारलंय की मार्चमध्ये गेलं तर चालेल का. चालेल, थंडीचे कपडे भरपूर घ्या. ८ मार्च, महिला दिन, २०१९ पासून बर्लिनमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे. त्यामुळे रविवारसारखीच दुकानं बंद असतात. मुख्य स्टेशनातली काही उघडी मिळतात, पण दूध, ब्रेड आणि फळं आदल्या दिवशीच आणून ठेवा.