विषय: मोटरहोमच्या फ्रिजचे पंखे, मिल्डुराच्या सहलीआधी उत्तर हवंय

मंदार:
मंडळी, मोटरहोमच्या फ्रिजमागे पंखे बसले, फिरतातही, पण गाडी थांबली की बंद! चालू गाडीत मजेत. काल अंगणात फ्रिज गॅसवर लावून पाहिला. बाहेर 39 डिग्री, आणि फ्रिजमध्ये संध्याकाळपर्यंत 13 च्या खाली काटा उतरेना. फिटरने पंख्यांची तार फ्रिजमागच्या जाड बारा व्होल्टच्या तारेवरून घेतली आहे. अनिलकाका, बेंडिगोच्या सहलीनंतर तुम्ही याच विषयावर लांबलचक लिहिलं होतंत, ती मेल सापडत नाहीये. शनिवारी निघायचंय, आणि श्रीखंड माझ्याच गाडीत आहे.

सुलभाताई:
मंदार, 13? मग मी गुलाबजाम करते. खाद्यसमितीला न विचारता श्रीखंड कुणाच्या गाडीत जाणार हे ठरलं कधी? मागच्या वर्षीच्या वड्यांबद्दल मी काही बोलत नाही.

अनिलकाका:
मंदार, पंखे ठीक आहेत, तार चुकीची घेतली आहे. ती जाड तार म्हणजे फ्रिजच्या हीटरची; हा फ्रिज उष्णतेवरच चालतो, गॅसच्या ज्योतीच्या नाहीतर हीटरच्या. हीटर 10-15 अँपिअर ओढतो, म्हणून मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो आणि इंजिन चालू असेल तरच तिच्यात वीज येते. नाहीतर घरची बॅटरी (गाडीतल्या राहायच्या भागाची) काही तासांत झोपेल. म्हणजे वारा आपसूक लागतो तेव्हा तुझे पंखे फिरणार आणि कॅम्पवर गाडी तापून उभी असताना गप्प. फ्रिजच्या ठिणगी-सर्किटला (गॅस पेटवणाऱ्या) जाणारी एक बारीक तार घरच्या बॅटरीवरून येते, ती कायम जिवंत असते. तिथून घे, नाहीतर सरळ बॅटरीवरून वेगळी तार ओढ. मध्ये 2 अँपिअरचा फ्यूज. कॉम्प्युटरचे 120 मिलिमीटरचे दोन पंखे मिळून अर्धा अँपिअरही खात नाहीत, रात्रभर चालले तरी बॅटरीला कळणार नाही. लाल-काळ्यासोबत तिसरी पिवळी तार असेल तर ती फक्त वेग मोजायची, टेप लावून सोडून दे.

प्रसाद:
काका, पंखे कुठे बसवलेत हे आधी विचारा ना. फ्रिजमागे गाडीच्या भिंतीत असलेल्या वरच्या जाळीला आतून, हवा बाहेर फेकणारे, एवढं पुरतं. बाहेरून चार स्क्रू काढले की काम झालं. आणि खरं सांगू का मंदार, हा अमोनियाचा फ्रिज काढून कॉम्प्रेसरचा टाक. आम्ही टाकला, उन्हाशी भांडण संपलं.

अनिलकाका:
प्रसाद, तुझ्या छतावर 400 वॅटचं सोलर आहे, ते सांगायचं राहिलं वाटतं. मंदारकडे नाही. गॅसवाल्याला बॅटरी जवळजवळ लागत नाही, आवाजही नाही. त्याची अडचण एकच: कॉम्प्रेसर नाही, आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, आणि बरीचशी उष्णता मागच्या वरच्या धातूच्या पट्ट्यांतून जायची. खालच्या जाळीतून हवा शिरते, तापून वरच्या जाळीने बाहेर पडते. पट्ट्यांच्या मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा राहिली असेल तर हवा पट्ट्यांना न शिवता तिथून निसटते. मग वर कितीही पंखे लाव. तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून हवा पट्ट्यांकडे वळवायची. मला पंखे पट्ट्यांच्या लगेच खाली, वर तोंड करून पसंत आहेत. पण बर्नरपासून लांब! झोत ज्योतीवर आला की ज्योत विझते. आणि त्या कप्प्याची फट राहायच्या जागेत उघडत नाही ना, ते आज बघ. गॅसचा धूर आत आलेला चालत नाही.

प्रसाद:
वर बसवले तर ज्योतीचा प्रश्नच येत नाही, एवढंच म्हणत होतो.

अनिलकाका:
ते मान्य. मंदारला वरच सोपे पडतील. पत्रा तरी लाव.

शिल्पा (सचिव):
ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, मोटरहोमवाल्यांनी वेगळी काढावी असं सभेत ठरलं होतं. असो. सगळ्यांसाठी: रविवारी जे रेनमार्कपर्यंत जाणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा, वाटेतल्या यांबाच्या तपासणी नाक्यावर फळमाशीमुळे ताजे टोमॅटो, ढोबळी मिरची, लिंबं पुढे नेता येत नाहीत.

विनय:
शिल्पा, मग कोशिंबिरीचं काय? लिंबाशिवाय?

सुलभाताई:
विनय, कोशिंबीर शनिवारीच संपेल. तू जेवायला ये, फ्रिज रिकामा होईल.

प्रसाद:
अजून एक, गाडी लावताना फ्रिजची बाजू उत्तरेकडे ठेव, सावली मिळते.

अनिलकाका:
तो हिशोब पुण्याचा, प्रसाद! इथे ऑस्ट्रेलियात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. जानेवारीत मावळतानाही नैर्ऋत्येकडे कलतो, म्हणून फ्रिजची भिंत पूर्वेला, जागा नसेल तर दक्षिणेला. आणि गाडी सपाट उभी कर, जास्त कललेल्या गाडीत हा फ्रिज नीट काम करत नाही. शुक्रवारी रात्रभर घरच्या 240 व्होल्टवर गार करून ठेव, गरम डबे आत कोंबू नकोस.

मंदार:
काका, बारीक तारेवर जोडले. गाडी बंद, पंखे चालू. पत्रा उद्या. पण रात्रभर पंखे घरघरतात, पलंग नेमका तिथेच, आणि घरातून तक्रार आली आहे. 40 डिग्रीला आपोआप चालू होणारा तो छोटा बटणासारखा स्विच कुणाकडे जास्तीचा आहे का?

अनिलकाका:
आहे. पट्टीवर चिकटवायचा, थंड असताना उघडा (म्हणजे बंद) राहणारा घ्यायचा. तारा दाबायची पक्कडही देतो, फक्त परत कर, मागची अजून कुणाकडे आहे माहीत नाही.

सुलभाताई:
श्रीखंडाचे डबे 18 सेंटिमीटर उंच आहेत. मंदार, खालचा कप्पा मोजून आजच कळव, चक्का मी उद्या बांधते आहे. आणि ती पक्कड विनयकडे आहे.