सिबिल, कार्ड आणि हप्ते : नागपूरच्या पोट्ट्यांनो, तुमचं काय झालं ते लिहा

मागच्या महिन्यात मावसभावाला घेऊन मानेवाड्याच्या एका शोरूममध्ये गेले होते. वय 23, बुटीबोरीला नोकरी लागून आठ महिने झालेले, पगार दर महिन्याला वेळेवर. गाडी पसंत, रंग पसंत, डाउन पेमेंटचे पैसे तयार. कर्जाच्या टेबलवरच्या मुलाने पॅन नंबर टाकला, स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाला, "ताई, यांचं सिबिलच नाही." म्हणजे कर्ज घेऊन फेडल्याची कुठे नोंदच नाही, म्हणून स्कोअरही नाही. भाऊ खूश! "मग चांगलंच आहे नं, मी कोणाचे पैसेच नाही घेतले कधी." त्या मुलाला हसू आवरेना. घरी आल्यावर मावशी वेगळीच तापली, "आपल्या घरात कोणाची कवडी बाकी नाही, अन् आपल्यालेच नाही म्हणते?"

मावशीला मी काय समजावणार! माझ्या पहिल्या कार्डाने मलाच रडवलं होतं. आपल्याकडे उधारी म्हणजे किराणा दुकानातली वही. दुकानदार बाबांना ओळखतो, त्याचे वडील आजोबांना ओळखायचे, पाच तारखेचे पैसे पंधराला दिले तरी कोणी बोलत नाही. या नव्या वहीत आजोबांची ओळख चालत नाही, तारीख चालते.

तर पहिलं कार्ड, पहिला हप्ता, पहिला नकार, जे काय झालं असेल ते इथे लिहा. आकड्यांसकट लिहा. बँकेचं, ॲपचं नाव नको. आणि 'सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्यांनी कृपया लांबच राहा.

हिंगणा एमआयडीसी, वय 24

तुमच्या भावासारखंच माझं. दोन बँकांनी कार्ड नाकारलं. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, एफडी करा, त्यावर कार्ड देते. 15,000 ची एफडी केली, 12,000 ची मर्यादा मिळाली. एफडीवर व्याज चालूच. पेट्रोल आणि मोबाइलचा रिचार्ज, एवढंच कार्डावर. सहा-सात महिन्यांनी स्कोअर दिसायला लागला, सातशेच्या वर.

एक गोष्ट उशिरा कळली. एका महिन्यात बहिणीची फी कार्डावर भरली, 9,000. वेळेत पूर्ण पैसे भरले, तरी स्कोअर घसरला. कारण बिल निघालं त्या दिवशी 12,000 पैकी 9,000 वापरलेले दिसत होते, म्हणजे 75 टक्के. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत राहा असं सगळे सांगतात, पण एवढ्याशा मर्यादेत 30 टक्के म्हणजे 3,600! आता मोठा खर्च झाला की बिलाची तारीख यायच्या आधीच थोडे पैसे भरून टाकतो.

त्रिमूर्तीनगर, वय 22

छोटा प्रश्न. आपण स्वतः स्कोअर पाहिला तर कमी होतो का? रूममेट म्हणतो पाहूच नको.

धागा काढणारी

रूममेटला सांग, बिनधास्त पाहा. आपण पाहिलं तर काही होत नाही. आपण अर्ज केला आणि बँकेने पाहिलं की त्याची नोंद राहते. मी शहाणीने एका आठवड्यात पाच ठिकाणी कार्डासाठी अर्ज केले होते. जास्त अर्ज म्हणजे जास्त शक्यता, असा हिशेब! पाचही नकार. कर्जाच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये पाच चौकश्या एकाखाली एक, एखादी पोरगी दारोदार पैसे मागत फिरते आहे अशा दिसत होत्या.

रामदासपेठ, स्टाफ नर्स, वय 26

मी काटोलची. इथे नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी कार्डावर 38,000 चा फोन घेतला. बिल आलं तेव्हा त्यावर दोन आकडे होते, एकूण देय 38,000 आणि किमान देय 1,900. मला वाटलं 1,900 हाच हप्ता. मनात म्हटलं, वीस महिन्यांत फिटेल. कोणाला विचारलंही नाही, कारण मला सगळं समजलं होतं ना!

सात महिने दर महिन्याला न चुकता किमान देय रक्कम भरली. आठव्या महिन्यात नाइट ड्यूटीला निवांत वेळ होता म्हणून ॲप उघडून बाकी पाहिली, तर 35,000 च्या वर. आधी वाटलं कोणीतरी कार्ड वापरलं. सोबतची सीनियर सिस्टर होती, तिने ड्यूटीच्या कागदामागेच हिशेब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 38,000 वर 1,330. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 239. झाले 1,569. मी भरले 1,900. मुद्दलातून गेले 331 रुपये. तिने 331 वर दोनदा गोल केला आणि पेन माझ्या हातात दिला. बोलली काहीच नाही.

वरून आणखी एक. बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. मी त्याच कार्डावर किराणा, औषधं घेत होते, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं.

महिनाभर घरी सांगितलं नाही. बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे, मृग बहाराचा तोडा फेब्रुवारीत, तोवर त्यांच्याकडेही पैसे नसतात. शेवटी बँकेला फोन करून उरलेल्या रकमेचे बारा हप्ते करून घेतले, त्याचा दर वर्षाला 16 टक्के. वर्षाला 42 च्या जागी 16. कार्ड आईच्या कपाटात ठेवून आले. हे सगळं झालं तरी स्कोअर फारसा पडला नाही, कारण किमान रक्कम कधीच चुकवली नव्हती. म्हणजे स्कोअर चांगला आणि मी कंगाल, असं एकाच वेळी चाललं होतं.

नंदनवन, स्पर्धा परीक्षा, वय 25

बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी जाहिरात शेवटपर्यंत वाचा. आयबीपीएसच्या जाहिरातीत रुजू होताना उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला असावा अशी अट असते. मी तीन वर्षं गणित अन् रीझनिंग घासलं, ही ओळ कधी वाचली नव्हती.

माझं थकलेलं किती? 640 रुपये. एका ॲपवर 'आत्ता घ्या, नंतर भरा' म्हणून टी-शर्ट घेतला होता. मधे सिम बदललं, मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. हे कर्ज असतं हेच डोक्यात नव्हतं, मला वाटलं दुकानाची उधारी. दीड वर्षाने रिपोर्ट काढला तर एका फायनान्स कंपनीच्या नावाने खातं, दंड धरून 1,480 थकीत. टी-शर्ट तोवर फरशी पुसायला गेला होता.

फोन केला तर तिकडचा माणूस म्हणे, 900 भरा, सेटल करून टाकतो. मी भरणारच होतो. लायब्ररीतल्या एका दादाने थांबवलं. म्हणाला, 'सेटल्ड' शब्द लागला तर अर्थ हाच की पूर्ण दिले नाहीत. पूर्ण 1,480 भरले, 'काही बाकी नाही' असं नो ड्यूज पत्र ईमेलवर मागून घेतलं. आता खातं 'क्लोज्ड' दिसतं. उशिराच्या नोंदी मात्र तशाच आहेत.

महाल, वय 54

मी पोट्टा नाही, पोट्टीचा बाप आहो. लिहिलं तं चालते नं?

पोरीचं इंजिनिअरिंगचं कर्ज, चार लाख, सहकर्जदार मी. कोर्स संपल्यावर एक वर्ष हप्ता नसते, ते तिले माहीत होतं. पुण्यात नोकरी लागली, पोरगी खूश, आम्ही खूश. वर्ष कधी संपलं कोणाच्या ध्यानातच नाही. तिले वाटे बँक फोन करन. बँकेनं मेसेज पाठवले, ते तिच्या कॉलेजातल्या नंबरवर. तीन हप्ते गेले.

मले कसं कळलं? माह्या दुकानाच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी बँक देते त्या कर्जाचं, नूतनीकरण होतं. वीस वर्षांचं खातं, एक दिवस मागंपुढं नाही. मॅनेजरसाहेबांनी कागद पुढं सरकवला. म्हणे, काका, हे काय होय? महिन्याच्या चौकटी होत्या, त्यात 000, 000, अन् मग 030, 060, 090. म्हटलं हे कोणाचे मार्क होय? म्हणे इतके दिवस हप्ता थकला. खुर्चीतल्या खुर्चीत घाम आला मले.

पोरीले फोन केला. रागावलो नाही. म्हटलं बाई, आजवर तुही पत्रिका वेगळी, माही वेगळी होती, या बँकेनं आपली एकच करून टाकली. ती रडाले लागली, तं मीच तिले समजवत बसलो. त्याच दिवशी तिन्ही हप्ते भरले, खात्यातून आपोआप कटाची सोय केली. माह्या दुकानाचं काम चार महिने अडकलं, एवढं मात्र झालं.

बेसा, वय 29

काका, तुमची निदान पोरगी होती. मी मित्राच्या बाइकच्या कर्जाला जामीन राहिलो. "फक्त सही पाहिजे बे." तो नोकरी सोडून गावी गेला, हप्ते थांबले, नोंदी माझ्या रिपोर्टमध्ये. प्लॉटचं कर्ज मागायला गेलो तेव्हा कळलं. उरलेले 27,000 मीच भरले. मित्र पोळ्याला आला होता, भेटून गेला, पैशाचा विषय नाही. मारबतीच्या मिरवणुकीत, नको ते सगळं घेऊन जा म्हणून 'घेऊन जा गे मारबत' ओरडताना कोणाचं नाव घेतलं ते विचारू नका.

वर्धमाननगर, वय 27

माझी चूक काहीच नव्हती तरी अडकले. रिपोर्टमध्ये माझ्या नावावर एक सोनेतारण कर्ज, मी कधीच न घेतलेलं. नाव-आडनाव सेम, पॅनमधलं एक अक्षर चुकून माझं पडलेलं. शाखेत गेले तर म्हणे ब्युरोला, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीला, विचारा, ब्युरोचा फोन म्हणे शाखेला विचारा.

मग ब्युरोच्या साइटवर रीतसर तक्रार टाकली आणि तक्रार क्रमांक जपून ठेवला. नियम असा की 30 दिवसांत निकाल लावायचा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. एप्रिल 2024 पासून लागू आहे. माझी नोंद 34 व्या दिवशी निघाली. मी ईमेल करून चार दिवसांचे 400 मागितले. घरचे हसले. पण आले! त्याची संत्रा बर्फी आणून ऑफिसात वाटली.

नाही आले असते तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करणार होते, 2022 पासून या ब्युरोंच्या तक्रारीही तिथे चालतात. रोज संविधान चौकातून जाते, रिझर्व्ह बँकेची इमारत पाहते. तिचा आपल्यासारख्यांना काही उपयोग असेल असं आधी वाटलं नव्हतं.

इतवारी, वय 28

सगळे घाबरवून रायले. मी कार्ड घेतलं नाही, घेणार नाही. आमची वीस जणांची भिशी आहे, महिन्याला 2,000, पाळी आली की 40,000 हातात. व्याज नाही, ॲप नाही, कोणी चुकला तर संध्याकाळी त्याच्या दुकानासमोर आम्ही उभे. याच्यापेक्षा पक्कं सिबिल दाखवा.

बँकेत नोकरी, वय 38

इतवारीवाले भाऊ, भिशी छानच, पण उद्या घरासाठी 30 लाख लागले तर भिशीतले वीस जण आमच्या कॉम्प्युटरमध्ये दिसत नाहीत.

बाकीच्यांसाठी. सिबिल हे एका कंपनीचं नाव. भारतात अशा चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. स्कोअर 300 ते 900. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणून मी माझ्या बायकोला दर तीन महिन्यांनी एकीचा काढायला लावतो. स्कोअर काढताना पगार धरत नाहीत, बचत खात्यातली शिल्लक धरत नाहीत. मिहानमधले लाखभर पगाराचे साहेब स्कोअर पाहून चकित होतात ते त्यामुळेच. 2025 मध्ये बँका महिन्यातून दोनदा माहिती पाठवू लागल्या, त्यामुळे चूकही लवकर दिसते आणि सुधारणाही.

धागा काढणाऱ्या ताईंच्या भावासाठी : इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्या कर्जाचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 च्या निर्देशांत सांगितलं आहे. पगार ज्या बँकेत येतो तिथे जा. आणि कार्डाची तारीख एखाद-दुसऱ्या दिवसाने हुकली तर रडत बसू नका, तीन दिवसांच्या आत भरलं तर थकीत म्हणून नोंद जात नाही. व्याज लागेल ते लागेल.

खांबांवर चिकटवलेल्या 'सिबिल ठीक करून मिळेल'च्या जाहिराती पाहून पैसे देऊ नका. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही आणि खोटी फुकटात निघते, वर वर्धमाननगरच्या ताईंनी सांगितलंच.

धागा काढणारी

भावाचं सांगते. पगाराच्या बँकेत गेलो, तिथून गाडीचं कर्ज झालं, दर शोरूमपेक्षा कमीच. पहिला हप्ता पाच तारखेला कटला. मावशी आता दर महिन्याच्या चार तारखेला रात्री त्याला विचारते, "खात्यात पैसे आहेत नं?" तो वैतागतो. मला वाटतं, विचारू दे.

नर्स ताई, एक राहिलंच. तो फोन अजून आहे का?

रामदासपेठ, स्टाफ नर्स, वय 26

आहे. मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. त्याच आठवड्यात मेट्रोच्या जिन्यावर पडला. स्क्रीन बदलायचे 6,500 सांगतात. मी त्यावर टेप लावली आहे.