प्रतिसाद: फिलर भाग म्हणजे आळस?

'फिलर म्हणजे निर्मात्यांचा आळस' हे वर आलेलं मत अर्धंच पटलं. (फिलर म्हणजे मूळ कथेत नसलेले, वेळ काढायला घातलेले भाग.) 'नारुतो' या ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशन मालिकेच्या) २२० भागांतले शेवटचे ऐंशीहून अधिक मीही पळवत पाहिले, पण मूळ मांगा (जपानी चित्रकथा) दर आठवड्याला जेमतेम एक प्रकरण पुढे सरकत असताना ॲनिमे तिला गाठणारच, मग मधला वेळ फिलरने भरावा लागतो.

दुसरी वाट 'फुलमेटल अल्केमिस्ट'ने काढली. मांगा अपूर्ण होती, म्हणून २००३ची मालिका ५१ भागांत स्वतःच्याच शेवटाकडे गेली. शेवट गंडलाय, मान्य. त्याच कथेवर नव्याने केलेलं २००९चं 'ब्रदरहूड' मांगाला धरून आहे, पण सुरुवातीला नुसती घाई! (न पाहिलेल्यांनी पुढचं वाचू नका.) ह्यूज हा लष्करी अधिकारी जुन्या मालिकेत पंचविसाव्या भागात मरतो, 'ब्रदरहूड'मध्ये दहाव्यातच. त्याचं ते लेकीचे फोटो दाखवत फिरणं जुन्यात मनसोक्त पाहायला मिळतं, त्यामुळे दफनविधीला रडू आलं ते तिथेच.