मदत हवी आहे: नुसा पेनिदाच्या खडकातल्या कुंडात उतरायची वेळ कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीचे. दिवाळीत बालीला जायलोत, मी, बायको, नऊ वर्षांची लेक अन् मेहुणा (भाऊबीज तिकडंच करायची म्हणून तो पण सोबत). देवगिरीनं मुंबई अन् तिथून विमान, तिकिटं-हॉटेल सगळं झालंय. गाडी अडलीय एका कुंडापाशी.

सानूरहून फास्ट बोटीनं पाऊण तासात नुसा पेनिदा बेट येतं, तिथं ब्रोकन बीचच्या शेजारी एंजल्स बिलाबाँग म्हणून खडकातलं कुंड आहे, एका अंगानं समुद्राला उघडं. ओहोटीला पाणी असं नितळ की तळ दिसतो, पण भरतीला नाहीतर मोठी लाट आली की पाणी कडेवरून आत घुसतं अन् जाताना आतल्या माणसाला घेऊन जातं. तसले व्हिडिओ बघून बायकोनं डायरेक्ट नाही म्हणून टाकलं. मेहुणा म्हणायलाय, दाजी तुम्ही विहिरीत मुटके मारलेले, भ्यायलात काय.

हाव, पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो. पण विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं फार तर, माणसाला ओढून नेत नाही ना राव.

आता मुद्दा असा की लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या अन् आम्ही तिथं भाऊबीजेला, म्हणजे ऐन उधाणात. उधाणात भरती जास्त चढते तशी ओहोटी पण जास्त उतरते म्हणतात, मग ते आपल्या सोयीचं का धोक्याचं? ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते एवढं कळलं, पण अॅपमधली वेळ धरून किती आधी पोचावं अन् किती वाजता गुमान बाहेर यावं? ओहोटी असून लांबून मोठ्या लाटा येत असल्या तर ते आधी कुठं बघतात? कोकणातल्यांनी जरा समजावून सांगा, आम्हाला यातलं ओ का ठो कळत नाही. आजकाल तिथं पाण्यात उतरूच देत नाहीत असं पण एकजण म्हणायला, ते खरंय का?

नाहीच जमलं तर त्याच बेटावर तेम्बेलिंगला जंगलात झऱ्याचं कुंड आहे, बायकोचं मत तिकडं. पण वाट लई खडी दिसायली, लेकराला घेऊन उतरता येईल का?

स्वतः जाऊन आलेल्यांनीच लिहा प्लीज, रील बघून नको. रील दाखवायला मेहुणा आहे घरात.